दोराचं शेवटचं टोक

आमच्या हवालदारमामांनी मोडली नाही अशी एकही शपथ उभ्या सातारा जिल्ह्यात शिल्लक राहिली नव्हती. माणसं देवाची शपथ घेताना दहा वेळा विचार करतात. मामा एकदाही करत नसत, आणि मोडताना तर तेवढाही नाही. एकदा ते म्हसवडला सिद्धनाथापर्यंत अनवाणी चालत गेले, पायरीवर डोकं टेकवलं, बेलभंडार उचलला आणि "आजपासून थेंब घेतला तर माझं हात झडू दे" असं म्हणून इतके रडले की शेजारी उभा असलेला अनोळखी गावकरीही डोळे पुसू लागला. परत येताना वाटेत गुत्ता लागला. दारू सुटल्याचा एवढा मोठा आनंद त्यांना एकट्याला सोसवेना, म्हणून त्यांनी तो साजरा केला. घरी पोचल्यावर मामी म्हणाल्या, "आवं, लांबच्या देवांचं काय करायचं ते करा. पण गावच्या मारुतीला यात घालू नका. पाऊस न्हाई पडला तर आमी कुणाच्या तोंडाकडं बगायचं?" मामांना ते पटलं. गावच्या मारुतीची शपथ त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही आणि त्यामुळे त्याच्याशी त्यांचे संबंध चांगले राहिले.

मी त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. वडूजच्या पुढे, जिथे काळी जमीन संपून माळ सुरू होतो, तिथलं त्यांचं गाव. आणि माझी पहिली नोकरी नेमकी तिथल्याच शाळेत लागली. त्यामुळे आठवड्यातून चार वेळा तरी मामींच्या हातची भाकरी आणि मामांच्या तोंडचं महायुद्ध असा माझा रतीब असे. पलटणीनं मामांना हवालदार केलं होतं, गावानं परस्पर सुभेदार करून टाकलं होतं, आणि गुत्त्यानं पुन्हा साधा शिपाई. मिशा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत की नाहीत हे ते घंगाळातल्या पाण्यात बघत. कोटाची बटणं राखेनं घासून अशी लखलखीत ठेवत की त्यांच्या म्हशीला ती बघून बुजायची सवय लागली होती. बोलायचे आपल्या गावचंच, पण राग आला की पलटणीतलं हिंदी बाहेर पडे, आणि फारच राग आला की इंग्रजी. ते इंग्रजी कुणाला कळत नसे म्हणून त्यावरून कधी भांडण झालं नाही.

त्यांची एक खूण मात्र सगळ्या गावाला ठाऊक होती. शुद्धीवर असले की मामा किंचित वाकून चालत. तरुणपणी कुठल्याशा डोंगरात खेचराच्या पाठीवरचं ओझं त्यांच्या पाठीवर आलं होतं, तेव्हापासूनची ती वाक. पण दोन घोट पोटात गेले की पाठ सरळ, छाती पुढे, पावलं कवायतीची. इतर माणसं प्यायल्यावर झोकांड्या खातात, मामा प्यायल्यावर परेडला उभे राहत. त्यामुळे संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी ताठ आकृती दिसली की मामी चुलीवरचा तवा खाली उतरवून ठेवत आणि नशिबाला दोन शब्द ऐकवत. आणि कधीमधी वाकलेली आकृती दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड येई की मलाच भरून यायचं.

या ताठ चालण्यानं त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नाचा घात केला. हौसाला सांगलीच्या अलीकडे, कृष्णाकाठी, उसाच्या बागायतीत दिली होती. आमच्या माळरानातल्या पोरीला असं स्थळ मिळणं म्हणजे सगळ्या भावकीच्या डोळ्यांत सलण्यासारखी गोष्ट. मामा लढाईतून रजा काढून आले होते, येताना रमच्या बाटल्याही रजेवर घेऊन आले होते. ऐन मुहूर्ताला नवरदेवाची वरात वाजतगाजत मांडवाच्या दारात आली, तर दारात मामा. अंगावर पूर्ण गणवेश, खांद्याला बंदुकीऐवजी उखळातलं मुसळ. "हालट! हुकुमदार!" पहाऱ्यावरचा शिपाई 'थांब, कोण आहे?' म्हणून ओरडतो तसे ते ओरडले. वाजंत्री थांबली. घोडाही थांबला. व्याही हसत पुढे आले, म्हणाले, "आवं, मी नवऱ्याचा बाप." मामा म्हणाले, "बाप असशील. परवलीचा शब्द सांग." शब्द कुणाला ठाऊक असणार? दोघांनी समजावलं, चौघांनी धरलं, पण मुसळ फिरू लागल्यावर सगळे मागे सरले. भर उन्हात वरात उभी राहिली आणि मुहूर्त टळला. पुढे गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या, पण हसून नव्हे. गावानं ही गोष्ट नंतर वर्षानुवर्षं पोट धरधरून सांगितली, मीही सांगितली आहे. हसणाऱ्यांत फक्त हौसा नव्हती. सासरी निघताना गाडीत बसल्यावर ती बापाला एवढंच म्हणाली, "आबा, ज्या दिवशी तुमी वाकून चालत माझ्या दारात याल, त्या दिवशी मी माहेरला येईन. तवर न्हाई." बोलल्याप्रमाणे ती आली नाही. पंचमीला नाही, दिवाळीला नाही, पहिल्या बाळंतपणालाही नाही. मामी सणासुदीला करंज्या करत आणि हौसाच्या वाट्याच्या तेवढ्या शिंक्यावर ठेवत, आणि त्या शेवटी आम्ही खात असू.

लढाई संपून मामा कायमचे घरी आले तेव्हा त्यांना खरोखरच दारू सोडायची होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. या एका कामासाठी त्यांनी जेवढी पायपीट केली तेवढी सरकारनं त्यांच्याकडून लढाईतही करवून घेतली नसेल. लोणंदच्या बाजारात एक वैद्य बसे, त्याच्या चूर्णानं दारू कडू लागते असं कुणी सांगितलं. मामांनी ते आणून घेतलं. दारू मुळातच कडू. त्यांना काही फरक कळला नाही. मग एका देवऋषीकडे गेले. त्यानं अंगारा देण्याआधी घसा ओला करायला पाहिजे म्हणून सांगितलं, आणि पुढचा महिनाभर दोघं एकमेकांना सोडेनात. शेवटी त्यांनी स्वतःलाच शिक्षा फर्मावली. धान्याच्या कोठीत जाऊन बसले, मामींना बाहेरून कुलूप घालायला लावलं आणि बजावलं, "म्या किती बी बोललो तरी उगडायचं न्हाई." अंधार पडायच्या सुमाराला आतून आवाज आला, "दरवाजा खोलो! साहब का हुकम है!" मामींनी जन्मात साहेब पाहिला नव्हता. घाबरून त्यांनी कुलूप काढलं. मामा ताठ नव्हते, अजून वाकलेलेच होते, पण पाय आधीच गुत्त्याकडे वळले होते. जाताना मामींना म्हणाले, "दिसभर मी माझा असतो गं. ही येळ तेवडी माझी नसती." आम्हाला त्या वेळी ते नाटक वाटलं.

आणि मग एका उन्हाळ्यात गावची म्हैस विहिरीत पडली. ऐन दिवे लागणीची वेळ. म्हणजे गावातली पिणारी माणसं गुत्त्याकडे निघण्याची वेळ. त्यामुळे त्या वाटेवर असलेली मंडळीच काय ती हाताशी सापडली. मामा होते, पलटणीतून सुटून आलेले आणखी दोघे होते, एक गवंडी होता आणि नाना धनगर होता. मोटेचा नाडा म्हशीच्या पोटाखालून घातला आणि पाचजण ओढू लागले. म्हैस अर्ध्यावर आली, पण वर काही येईना आणि सोडून देता येईना. सोडली तर मेली. कुणाचा घसा कोरडा पडलाय, कुणाचे हात थरथरतायत, पण दोर सोडायची कुणाची टाप नाही. शेजारच्या वस्तीवरची माणसं येईपर्यंत सगळे तसेच तटून राहिले. म्हैस वर आली, अंग झटकून सगळ्यांना भिजवून निघून गेली, आणि मामा विहिरीच्या काठावर मटकन बसले. मग सावकाश म्हणाले, "गड्यांनो, येळ ग्येली की रं." बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. रोज ज्या तासाला जीव आतून कुरतडला जायचा तो तास कधी येऊन गेला ते कुणाला कळलंच नव्हतं. गुत्ता उघडा होता, वाट तीच होती, पण त्या दिवशी पाचहीजण घरी जाऊन जेवले. मामींनी गल्लीच्या तोंडाशी वाकलेली आकृती पाहिली आणि तवा पुन्हा चुलीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मामा नाडा मागून आणून माझ्या शाळेमागच्या कडुनिंबापाशी उभे. दोराचं एक टोक खोडाला बांधलेलं. विचारलं तर म्हणाले, "रोज म्हस कुटनं आणायची?" त्या दिवसापासून दिवे लागायच्या वेळेला ही मंडळी जमायची आणि झाडाशी रस्सीखेच खेळायची. होय, झाडाशी. गावाला वाटलं, हवालदारानं पलटणीसारखा रस्सीखेचीचा संघ काढला आहे. मामांनीही तसंच वाटू दिलं. 'दारू सोडणाऱ्यांनी इकडे यावं' अशी पाटी लावली असती तर कुत्रंसुद्धा फिरकलं नसतं. संघ म्हटल्यावर माणसाला मान वर करून येता येत होतं. मी एकदा विचारलं, "मामा, झाडाशी कसली खेच? समोर दुसरा संघ तरी घ्या." तर माझ्याकडे शाळेत नापास झालेल्या पोराकडे बघावं तसं बघून म्हणाले, "मास्तर, माणूस हारला की पितो. आन् जितला की बी पितो. झाडासंगं ना हार, ना जीत. ओडायचं आन् घरला जायाचं." मी उत्साहानं दोराला हात लावायला गेलो तर हातावर फटका मारला. "तुमी पीत न्हाई. तुमाला हक न्हाई. कडंला बसा." आयुष्यात निर्व्यसनी असल्याबद्दल मला एवढंच बक्षीस मिळालं.

ओढून झालं की सगळे झाडाखाली बसत, गूळपाणी पीत आणि मामा एकेकाला विचारत, "आज कुटं पाय वळला?" त्यावर खरं तेच सांगायचं एवढा एकच नियम. शपथ घ्यायला बंदी होती. शपथांच्या बाबतीत मामांचा अनुभव दांडगा होता. सोडून किती दिवस झाले हे मोजायलाही बंदी. "मोजलं की मापाला शीग लागती, आन् शीग लागली की सांडतं," ते म्हणत. उपदेश करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दोराला हात लावू देत नसत. तिथे ऐकलेल्या गोष्टींनी मी कितीदा हसून लोळलो आहे. गवंडी एकदा म्हणाला, "आज मालक भिंत बगून लय खूश झाला. म्हनला, संध्याकाळी पाजतो. मग म्या काय केलं? वरचा थर वाकडा लावला. लय शिव्या दिल्या, पाजायचं इसारला." सगळे हसले, आणि मामांनी उठून त्याची पाठ थोपटली. चांगली भिंत वाकडी करायला केवढी छाती लागते हे त्या झाडाखालच्या माणसांनाच ठाऊक. हळूहळू मंडळी वाढली. म्हसवडकडचे, वडूजकडचे, कुणाच्या बायकोनं पाठवलेले, कुणाच्या आईनं हात धरून आणलेले. मोटारीतून उतरल्यावर 'दोराचं झाड कुठं' असं हळूच विचारायचे, आणि गावातली पोरंसोरं त्यांना पैलवान समजून वाट दाखवायची.

या सगळ्यात शेवटच्या टोकाला नाना धनगर असे. रस्सीखेचीत शेवटचा गडी दोर कमरेला गुंडाळून पाय रोवतो, त्याच्यावर सगळ्यांचा भार. नाना उंचापुरा, बापजाद्यांची मेंढरं विकून चार बिघे माळ कसणारा, बोलायला अगदी कमी. मेंढरं गेल्यावर संध्याकाळी करायला काही उरलं नाही म्हणून प्यायला लागला, असं त्यानं एकदा सांगितलं होतं. मामा दोराच्या पुढच्या टोकाला आणि नाना मागच्या. मध्ये कितीही माणसं आली गेली तरी ही दोन टोकं हलली नाहीत. मामा मागे न बघता विचारत, "नाना, हाय का रं?" आणि मागून आवाज येई, "हाय की." एवढ्यावर मामांचा दिवस पार पडे. मला वाटतं सिद्धनाथानं जे दिलं नाही ते मामांना या "हाय की"नं दिलं होतं.

मामा सुटले होते. मामी रोज सांगत, मी सांगत असे, की आता हौसाकडे जा. पण त्यांचा पाय निघेना. "अजून दोर ढिला हाय मास्तर," म्हणायचे. ज्यानं एवढ्या शपथा मोडल्या त्याचा स्वतःवर विश्वास बसायला वेळ लागतो. अशात एका चैत्रात तिकडून निरोप आला. व्याह्यांच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांबरोबर रस्सीखेच ठेवली होती, आणि तुमच्याकडे हवालदारांचा नावाजलेला संघ आहे असं ऐकतो तर घेऊन या, असं खुद्द व्याह्यांचं आमंत्रण. झाडाशिवाय कुणाशी खेळायचं नाही हा मामांचा नियम. दोन दिवस त्यांनी निरोपाला उत्तर पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी झाडाखाली नानाच म्हणाला, "हवालदार, पोरीच्या दारात जायला या परीस चांगलं निमित्त कवा गावणार? एक डाव माणसांसंगं ओडू. मी हाय की मागं." नानाला असं लांबलचक बोलताना मी तेव्हाच ऐकलं.

आम्ही निघालो, आधी सर्व्हिस मोटार, मग बैलगाड्या, मग नावेतून कृष्णा. मीही प्रेक्षक म्हणून बरोबर होतो. गावच्या वेशीत जत्रेची गर्दी आणि गर्दीच्या मधोमध व्याही उभे, हातात काठी आडवी धरून. मामा दिसताच गरजले, "हालट! हुकुमदार!" सगळी वेस हसायला लागली. लग्नातली गोष्ट तिथंही तेवढीच प्रसिद्ध होती. मामा थांबले. वाकलेले आणखी वाकले. व्याही म्हणाले, "परवलीचा शब्द सांगा, मग आत." मामांनी हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं, पाव्हणं." हसणं एकदम थांबलं. व्याह्यांनी काठी टाकली आणि मामांना मिठी मारून म्हणाले, "ह्योच शब्द हुता की ओ." वेशीच्या कट्ट्यावर बायकांमध्ये हौसा उभी होती. ती जावेचा हात घट्ट धरून सारखी एकच सांगत होती, "आबा वाकून चालत्यात बगा. वाकून चालत्यात." माझे डोळे भरून आले हे सांगायला मला आज लाज वाटत नाही.

संध्याकाळी रस्सीखेच झाली. रोज कडुनिंबाला ओढणाऱ्यांना माणसं ओढायची म्हणजे काय? समोरचा संघ बागायतीतला, दूधतूप खाल्लेला. पण तो हलत होता, आणि आमच्या मंडळींना हलणाऱ्या गोष्टीची सवयच नव्हती. जिंकल्यावर ते जिंकले हे त्यांना लोकांनी सांगितल्यावर कळलं. गुलाल उधळला, हलगी कडाडली. मामा मागे वळून नानाकडे बघून हसले. एवढं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि पुढेही पाहिलं नाही.

तेवढ्यात व्याही फेटा आणि नारळ घेऊन आले. नारळाच्या शेजारी, फडक्यात गुंडाळलेली, पलटणीतल्या रमची बाटली. मिरजेच्या कुणा ओळखीच्या सुभेदाराकडून मुद्दाम मागवलेली. व्याही भल्या मनाचा माणूस, दोन्ही हातांनी पुढं करून सगळ्या गावादेखत म्हणाला, "हवालदार, त्या दिशी तुमी नगं त्या येळेला प्यालात. आज बरुबर येळ हाय. मागचं समदं इसरलो, घ्या." बिचाऱ्याला काय ठाऊक! संघ कसला आहे हे आम्ही जगापासून लपवलं होतं. ते व्याह्यांपासूनही लपलं. व्याह्यानं भर सभेत मानानं दिलेलं परत करणं म्हणजे नातं परत करणं. आणि खरं सांगावं तर मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाचं बिंग फुटणार. नमस्काराला जोडलेले मामांचे हात तसेच राहिले. हौसा पदर तोंडात धरून बघत होती. ना घेता येईना, ना नाही म्हणता येईना. तेव्हा मागून नाना पुढे आला. कमरेचा दोर अजून सुटला नव्हता. व्याह्यांना वाकून म्हणाला, "आमच्यात रीत हाय, पाव्हणं. फेटा म्होरल्याचा, बाकीचा मान शेवटच्या गड्याचा." आणि त्यानं बाटली घेतली. अशी काही रीत नव्हती. त्यानं ती तिथल्या तिथे रचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. नाना हळूच म्हणाला, "नाव यायच्या आदी नदीत सोडतो. तुमी लेकीकडं जावा."

हौसानं बापाला सोडलं नाही. मुक्कामाला ठेवून घेतलं, आणि मामा राहिले. बाकीची मंडळी आणि मी नदीवर आलो. नाव पलीकडे होती. नाना बाटली सोडायला जरा खालच्या अंगाला, करंजाच्या झाडाआड गेला. दिवे लागणीची वेळ, हातात दोर नाही, पुढे मामा नाहीत, आणि नुकतीच जीत झालेली. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा हात मोकळे होते, आणि त्याची मेंढरं होती तेव्हाची एक ओवी तो गात होता. नावेत तो आमच्याकडे पाठ करून बसला.

मामांना आल्यावर कळलं. ते रागावले नाहीत, रडलेही नाहीत. "त्यानं न्हाई," एवढंच म्हणाले, "दोर म्या सोडला." त्यानंतर नाना झाडाकडे आला नाही. त्याला दारूपेक्षा शरमेनं जास्त धरलं होतं. मामा रोज संध्याकाळी दोर खांद्यावर टाकून आधी त्याच्या दारात जात आणि बाहेरूनच हाक मारत, "नाना, हाय का रं?" आतून उत्तर येत नसे. थोडा वेळ थांबून मामा झाडाकडे जात. ज्याच्यामुळे त्यांना लेक मिळाली त्याला ते परत आणू शकत नव्हते, आणि हे दुःख त्यांनी कुणाला वाटू दिलं नाही.

हौसा दिवाळीला आली. इतक्या वर्षांनी आली म्हणून मामींनी काय करू नि काय नको असं केलं. शिंक्यावरच्या करंज्या या वेळी आम्हाला मिळाल्या नाहीत. दिवे लागायच्या वेळेला ती बापाला ओवाळायला तबक घेऊन आली तर मामा दोर खांद्यावर टाकून निघालेले. "आबा, आज तरी बसा," ती म्हणाली. मामांनी तिला सगळं सांगितलं. बाटली कुणासाठी कुणी घेतली तेही. तिनं तबकातल्या निरांजनाची वात पुढे सारली. मग तबक तसंच हातात घेऊन म्हणाली, "चला, मी बी येते."

माहेरवाशीण दारात आली तर तिला तसंच परत पाठवायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. नाना बाहेर आला. अंगात नुसती हाडं उरली होती. हौसानं त्याला पाटावर बसवलं आणि सख्ख्या बापासारखं ओवाळलं. ओवाळणीला घालायला त्याच्याजवळ काही नव्हतं. इकडेतिकडे पाहून त्यानं मामांच्या खांद्यावरून लोंबणारं दोराचं टोक हातात धरलं. मामा त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "नाना, हाय का रं?" नाना म्हणाला, "आज न्हाई, हवालदार. उद्या येतो. पोरीदेखत सांगतो, उद्या येतो." नाना खोटं बोलणारा माणूस नव्हता. पण दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळला, आणि संक्रांतीच्या आतच गेला.

माझी बदली झाली तरी सुट्टीत मी त्या गावी जात असे. झाड तसंच होतं, दोराच्या घासानं खोडाला खोल खाच पडली होती. मामा थकले होते, आता सरळ उभं राहायचं म्हटलं तरी त्यांना येत नव्हतं. माणसं बदलली होती, पण कमी झाली नव्हती. दूरदूरहून विचारत येतच होती. संघ कसला आहे हे मात्र मामा आता कुणापासून लपवत नसत. जत्रेचं बोलावणं घेऊन कुणी आलं की ते पहिल्याच दमात सांगत, "आमी दारूडे हाय. झाड सोडून कुणासंगं खेळत न्हाई." पण सगळे ओढायला उभे राहिले की शेवटचा वावभर दोर मोकळा जमिनीवर पडून असे. एकदा लोणंदकडचा एक नवा माणूस पहिल्यांदाच आला, बिचारा धट्टाकट्टा, त्याला वाटलं आपण शेवटी उभं राहावं. त्यानं ते टोक उचलून कमरेला गुंडाळायला घेतलं. मामा पुढच्या टोकाला होते, पण त्यांना दोरातून कळलंच. मागे न बघता ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "हालट." नवा माणूस थांबला.

"जरा म्होरं उभा ऱ्हा, गड्या," मामा म्हणाले. "ती जागा रिकामी न्हाई. नाना उद्या येतो म्हनलाय."

तो माणूस पुढे सरकला, टोक पुन्हा धुळीत पडलं, आणि सगळ्यांनी झाडाला ओढायला सुरुवात केली.